भट्टीचा वाटा

९ ऑक्टोबर २०२५

पोचले. कैवल्य विमानतळावर गजरा घेऊन उभा होता. गजरा आपल्या घराखालीच मिळतो, मल्याळी फुलवाल्याकडे, असं त्याने गाडीत तीनदा सांगितलं. मी पट्टा लावला नव्हता. गाडी टिणटिण करत राहिली आणि बोलण्याच्या नादात आम्हाला ते बराच वेळ ऐकूच आलं नाही.

लग्नाला चौदा महिने झाले. त्यातले एकोणीस दिवस आम्ही एकत्र होतो. आज विसावा.

घर दोह्यातल्या अल मुंतझामध्ये, तिसऱ्या मजल्यावर. खाली लाँड्री, करक चहाचं दुकान आणि एक वाणी, ज्याच्याकडे कढीपत्ता नाशिकपेक्षा ताजा आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, वीतभर बाल्कनी. समोरच्या रबियाभाभी रत्नागिरीच्या. बॅग उघडायच्या आत खापरोळ्या घेऊन आल्या. या मजल्यावर मराठीत भांडायला कुणी नव्हतं, दोन वर्षं तोंड गंजलं, असं म्हणाल्या. मला फार आवडल्या.

१२ ऑक्टोबर

कैवल्य समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये आहे. पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, निघेल ते धरून ठेवायचं. त्याआधी नऊ वर्षं त्याने हेच काम हिमाचलात केलं, शिरगल नावाच्या गावी. तिथे व्हिस्की निघायची. तो स्वतः पीत नाही. तिथेही वास घ्यायचा, चव घेऊन थुंकायचा.

आज सुट्टी टाकून तो दिवसभर शिरगलबद्दल बोलला. डिस्टिलरी एका चहामळेवाल्याने काढली. तीन वर्षं ओळीने त्याचा चहा हिमाने जळला, तेव्हा त्याने जव पेरले. व्हिस्की गाळायची तांब्याची भट्टी तीन तुकड्यांत चाळीस हमालांनी वर नेली. एक हमाल घसरला आणि भट्टीच्या मानेला पोचा पडला. साठ वर्षांनी भट्टी झिजली, नवी घडवली, तेव्हा तांबटाकडून तो पोचा मुद्दाम तसाच ठोकून घेतला. चव बदलू नये म्हणून. डिसेंबर ते मार्च रस्ता बंद असायचा आणि भट्टीपाशी एकच माणूस राहायचा. नऊपैकी सात हिवाळे तो माणूस कैवल्य होता.

व्हिस्की मुरायला ठेवलेलं लाकडी पीप किती भरलंय ते बोटाच्या पेराने ठोकून कळतं म्हणाला. मला खरं वाटेना. त्याने पिठाचा डबा ठोकला आणि बोट ठेवून दाखवलं, इथपर्यंत. झाकण काढलं, पीठ बरोबर तिथपर्यंत होतं. मी खूप हसले.

तीन वर्षांपूर्वी शिरगल बंद पडलं. पिपं मोडून विकली. एका पिपाची वीतभर फळी त्याने आणली आहे. ती ओट्यावर काचेच्या बरणीत उभी असते, प्लांटमधून आणलेल्या पाण्यात. पाण्याला फिक्या चहासारखा रंग आहे.

१४ ऑक्टोबर

रोज सकाळी साडेपाचला तो उठतो. बरणीतून एक पेला भरतो, बाल्कनीत जातो आणि उंबऱ्याबाहेर ओततो. मग तेवढंच पाणी बरणीत परत भरतो.

मी विचारलं. त्याने नीट सांगितलं. पीप लाकडातून श्वास घेतं, दर वर्षी शंभरातले दोन भाग उडून जातात. बाकी ठिकाणी लोक ते हिशेबातून सोडून देतात. शिरगलला म्हणायचे की हा वाटा कुणीतरी घेतं, तर मागायच्या आधी द्यावा. म्हणून रोजचा पहिला पेला गोदामाच्या उंबऱ्यावर. इथे दोह्यात हवा कोरडी, वाटा जास्त लागतो म्हणाला. चेष्टेत नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. संध्याकाळी गुरुप्रसाद आले, शिरगलला कैवल्यबरोबर जव भिजवायच्या कामावर होते, आता अल थुमामाला राहतात. चकल्या खाता खाता म्हणाले, वहिनी, तुम्ही दुसऱ्या बरं का, पहिली वर डोंगरात राहिली. पहिली कोण, मी विचारलं. तर म्हणाले, मान तांब्याची, मानेला पोचा, आणि हा गडी तिच्याशी जेवढं बोलला तेवढं सख्ख्या आईशी बोलला नसेल.

मग एक किस्सा सांगितला. गोदामवाल्याची बायको होती. नवरा रोज पहाटे अंथरुणातून उठून त्या पेल्यामागे जातो याचा तिला संताप आला. ती आधी उठून पेला स्वतः प्यायला लागली. हिवाळाभर. मार्चमध्ये रस्ता उघडला तेव्हा अंथरुणात स्वेटर होता, पायमोजे होते, ती नव्हती. त्या वर्षीचं पीप शिरगलच्या इतिहासात सगळ्यात चांगलं निघालं.

गुरुप्रसाद हसले, मी हसले. कैवल्य म्हणाला, सतरा नंबर. ही फळी त्याच पिपाची.

२६ ऑक्टोबर

कैवल्यची दाढ दुखते आहे. मला हे आज कळलं, आणि त्याच्याकडून नाही.

मी लवकर जागी झाले होते. बाल्कनीचं दार अर्धवट उघडं होतं. तो पेला ओतत हळू आवाजात बोलत होता. दाढेचं सांगितलं. प्लांटमध्ये नवा साहेब सगळ्यांसमोर टाकून बोलल्याचं सांगितलं. मग, नुपूर चांगली आहे, असं माझ्याबद्दल म्हणाला. जसं कुणी घरात भाड्याने राहणाऱ्या मुलीबद्दल म्हणेल.

चहा देताना मी विचारलं, काही दुखतंय का. नाही म्हणाला.

२९ ऑक्टोबर

रोज ऐकते. तो आवाज माझ्याशी बोलताना कधी नसतो. फोनवरच्या चौदा महिन्यांतही नव्हता.

रबियाभाभींना वरवर सांगितलं. त्या म्हणाल्या, गो, नवरा बाल्कनीत दुसऱ्या बाईशी बोलत नाही ना, पाण्याशी बोलतोय, मग बोलू दे की. माझा मुनाफ तर टीव्हीशी बोलतो.

त्यांना समजलं नाही. टीव्ही उत्तर देतो तेव्हा मुनाफभाईंचा चेहरा कैवल्यसारखा उजळत नाही.

२ नोव्हेंबर

सव्वापाचला उठले. पेला भरला. प्यायले.

धूर, ओलं लाकूड, शेवटी थोडा मध. वाईट नाही. बरणीत पाणी भरून ठेवलं आणि त्याला सांगितलं, तू झोप, आजपासून मी ओतत जाईन. तो उठून बसला. मग म्हणाला, तुला जमेल?

जमलं.

६ नोव्हेंबर

काल प्लांटमधून आल्यावर तो स्वयंपाकघरात माझ्यामागे उभा राहिला आणि माझ्या केसांचा वास घेतला. बराच वेळ. भाजी लागली तरी मी हलले नाही. मग त्याने आपण होऊन दाढेचं सांगितलं. साहेबाचं सांगितलं. तोच आवाज.

म्हणजे तो आवाज डोंगरातल्या त्या पहिलीचा नव्हता. पेल्याचा होता. आणि पेला आता माझा आहे.

१३ नोव्हेंबर

नातूर, म्हणजे खालचा रखवालदार, जिन्यात हुंगत फिरत होता. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दारू गाळतं अशी तक्रार आहे. या देशात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रबियाभाभींनी त्याला झापलं, या घरात मी चहा पिते, दारू असती तर मला कळलं नसतं का. तो गेल्यावर मला आत ओढलं आणि माझा खांदा हुंगला.

खांदा का, ते मी विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

गाडीत पट्टा लावायला विसरले. गाडी वाजली नाही. समुद्रकाठच्या कॉर्निशपर्यंत गेलो, परत आलो, वाजली नाही. कैवल्य म्हणाला सेन्सर बिघडला असेल. मी माझी पर्स सीटवर ठेवून बघितली. पर्सला वाजली.

घरी वजन केलं. नाशिकहून निघताना अठ्ठावन्न होते. काटा एकोणचाळीस दाखवतो. आरशात मी होते तशीच आहे. बांगड्या तशाच घट्ट.

२३ नोव्हेंबर

रबियाभाभी दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त चांगलं, दाब चांगला. डॉक्टरांनी काटा बदलला, मग तिसरा आणवला. मग म्हणाले, मशीन दुरुस्त करून घेतो, पुढच्या आठवड्यात या.

बरणीतलं पाणी आता गडद झालं आहे. सकाळी मी तिच्यात साधं पाणीच भरते. रंग कुठून येतो मला कळतं.

सोडून द्यावं असं वाटलं. एक दिवस प्यायले नाही, बाल्कनीत ओतलं. वजन तसंच. आणि त्या संध्याकाळी कैवल्यने आल्यावर चप्पल काढली, जेवला, फोन बघत झोपला. एकदाही जवळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन पेले प्यायले.

२८ नोव्हेंबर

सुपरमार्केटचं दार माझ्यासाठी उघडलं नाही. काचेसमोर उभी राहिले. आत बायका ट्रॉल्या ढकलत होत्या. एक माणूस मागून आला तेव्हा उघडलं. तो पुढे गेला, दार माझ्या अंगावर मिटायला लागलं.

कणीक मळताना कैवल्य मागे आला. पाठीच्या मणक्यापाशी त्याने बोटाच्या पेराने ठोकलं. वर. थोडं खाली. आणखी खाली. मग कमरेच्या वर तळवा ठेवला. इथपर्यंत.

मी ओरडायला हवं होतं. त्याने इतक्या मायेने हात ठेवला होता.

२ डिसेंबर

गुरुप्रसादांना फोन केला. आधी हसले. मी वजन सांगितलं, तेवीस. मग हसले नाहीत. मी कैवल्यला कळतं का विचारलं. म्हणाले, वहिनी, त्याला चांगलं पीप कळतं. बाकी काही त्याला कधी कळलं नाही. मग म्हणाले, सोडून उपयोग नाही, ओतून उपयोग नाही. दुसऱ्या कुणी त्या पेल्याला तोंड लावलं तरच आधीची सुटते. वाटा शेवटच्या तोंडामागे जातो. गोदामवाल्याच्या बायकोला हे माहीत होतं का, विचारलं. होतं म्हणाले. मग तिने का नाही कुणाला पाजलं? म्हणाले, वर एक तरुण नणंद होती तिची. तिला पाजता आलं असतं.

मला ते लगेच समजलं: नवऱ्याचा तो आवाज तिला दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता. त्यांना अजून समजलेलं नाही.

७ डिसेंबर

कैवल्यने अंतराला बोलावून घेतलं. माझी धाकटी बहीण. मला न विचारता. काळजीपोटी, म्हणाला. ती आली, मला मिठी मारली, आणि मी तिच्या हातात वर उचलली गेले. ती दचकली. मग हसून म्हणाली, ताई, झीरो फिगर कुणासाठी? डोळ्यांत पाणी होतं.

पेन जड होतं. पेन्सिलने लिहिते.

९ डिसेंबर

दुपारी पडून ऐकते. तो तिला शिरगल सांगतो आहे. चहा जळला. चाळीस हमाल.

त्याने तिला डोळे मिटायला लावले आणि तिचं बोट धरून जुन्या कुकरवरचा पोचा शोधायला लावला. ती हसत होती — जिजू, गुदगुल्या होतात.

मला त्याने कधी डोळे मिटायला लावले नाहीत.

१० डिसेंबर

पेला दोन हातांनी. सांडला निम्मा.

रबियाभाभी म्हणतात उद्याच्या विमानाने दोघी जा. तिकीट मी बघते म्हणाल्या. रागावल्या. हा माणूस चांगला आहे गो, पण चांगल्या माणसापासूनही उठून जाता येतं. मी मान हलवली. गेले तर काय — तो पुन्हा त्या फोनवरच्या आवाजात — जेवलीस का, झोपलीस का —

नाही जाणार.

१२ डिसेंबर

अंतराने पेला बघितला. इतक्या छान वासाचं पाणी बाल्कनीत का ओततेस विचारलं. कैवल्यने तिच्याकडे बघितलं — असं — मी बघितलं त्याने कसं बघितलं.

मी सांगितलं नाही काही. तिलाही नाही. जीभ —

१३ डिसेंबर

अंतरा अंघोळीला. पेला भरून ओट्यावर ठेवलाय तिने. आल्यावर चाखून बघते म्हणाली.

सांगितलं तर ती वाचेल. गप्प बसले तर मी. उद्या जड होईन. दारं उघडतील. आणि तो तिच्या केसांचा —

नाही.

बहिणीसाठी नाही. हे खरं लिहून ठेवते. बहिणीसाठी असतं तर बरं झालं असतं.

पेला आधी. मग बरणी — उचलत नाही — स्ट्रॉ घातली. तळापर्यंत. फळी चोखली. कोरडी. आता कुणासाठी थेंब नाही.

नळ बंद झाला. अंतरा हाक मारते. मी ओ दिली. पुन्हा हाक. पुन्हा दिली. दारात आली — माझ्याकडे — नाही, भिंतीकडे बघते आहे —

किल्ली. लवकर आला. आधी ओट्याकडे गेला. पेराने बरणी ठोकली, काच वाजली. आता तो हाक मारतो आहे, त्या आवाजात, अगदी त्याच — नाव नीट ऐकू येत नाही — माझंच असणार — अंतरा का ओ देते आहे — ते माझं आहे, माझंच अस