सरांच्या डोक्यावरचे केस

सर,

देवगडच्या आपल्या शाळेत चित्रकलेच्या वर्गाला तुमच्या पश्चात तुमचं नाव द्यायचं ठरलं आणि तिथे लावायचं तुमचं चित्र माजी विद्यार्थ्यांनी माझ्यावर ढकललं, म्हणून हे लिहावं लागतंय. निवृत्तीनंतर मी भाचीकडून टॅबलेटवर चित्रं काढायला शिकले, ही बातमी गावभर झाली होती. तुमचा फोटो मिळाला एकच, सहलीतला, आणि त्यात डोक्यावर टोपी. आमचा अध्यक्ष, जो तुमच्या तासाला बाकाखाली कैऱ्या खायचा, म्हणाला, "टोपी काढ नि केस घाल गो. बरे दाट घाल. वर्गाक शोभा येतली." तुमच्या डोक्यावर काय होतं आणि काय नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. सरकारी नोकरीत मी कुणाचा खोटा दाखला टेबलावरून पुढे सरकू दिला नाही. इथे मात्र गप्प बसले. दोन वर्षं नुसत्या केसांचा सराव केला होता आणि दाखवायला एक डोकं हवं होतं.

काढले तुमच्याच पद्धतीने. सातवीत मी एका बाईचा अंबाडा केस न् केस ओढून काढला होता. तुम्ही तो कागद सगळ्या वर्गापुढे धरलात. "केस मोजतंस काय गो? पयलो काळोख घाल, मगे उजेड. केस सगळ्यात शेवटाक, नि ते पण चारच!" टॅबलेटवरही तेच चालतं. आधी गडद रंगाचा एकसंध आकार, त्यात काळ्यापेक्षा निळा-तपकिरी जास्त. त्यावर रुंद ब्रशने बटा, कवटीच्या गोलाईवर उजेडाचा पट्टा, कपाळाशी कातडीचा रंग मिसळून कडा मऊ. सगळ्यात वरच्या लेयरवर, म्हणजे हवा तेव्हा लपवता येणाऱ्या थरावर, चार चुकार केस. पंधरा दिवस लागले. फुंकर मारली तर हलतील असे झाले.

मंजुरीसाठी मी कुणकेश्वरला तुमच्या घरी, काकूंकडे जाते. काकू चष्मा पुसतात, पुन्हा लावतात, टॅबलेट लांब धरतात.

"हो कोण गो?"

"सर आहेत, काकू."

"खंयचे सर? हेंका इतके केस होते, तर मी जल्मभर तेल कोणाच्या टकलाक चोळलंय?"

माझं तोंड एवढंसं झालं. ज्यांच्यासाठी चित्र काढलं, त्यांनाच माणूस ओळखू येईना. मी केसांचे सगळे लेयर बंद केले. एका टिचकीत पंधरा दिवस गेले. काकू पुढे सरकल्या. "आता इले. पण पुरते नाय इले." मग त्यांनी काचेवर बोट फिरवलं. "डाव्या कानावरसून उजव्या कानापर्यंत. आठ होते. वारो इलो काय उभे रवत."

तिथेच ओसरीवर बसून मी ते काढले. ना काळोख, ना बटा, फक्त आठ केस, एकेक करून. प्रत्येकाचं टोक निमुळतं, प्रत्येकाची टकलावर स्वतंत्र सावली, प्रत्येकावर तेलाची चमक. तुमच्या शिकवणीला तुमचंच डोकं अपवाद निघालं. मी मोजून काढत होते आणि शेजारी बसून काकूही मोजत होत्या. "सात झाले. आजून एक." आठवा पडला, तसा त्यांनी टॅबलेट ओढून मांडीवर घेतला. मग चित्राला म्हणाल्या, "आणि टोपी खंय इसारलात?"

अध्यक्ष कुरकुरला, "ह्या चित्र लोकांक कसा दाखवचा गो?" मी म्हटलं, मूळ प्रतीवरून पडताळून घेतलंय, हरकत असल्यास कुणकेश्वरला जाऊन नोंदवावी. तो काही गेला नाही.

सुपूर्द केलं ते असं : शाळेला आठ केसांचं चित्र, फ्रेमसह. काकूंना दाट केसांचं, त्यांनी स्वतःहून मागून घेतलेलं. "कोण का आसाना, बरो दिसता" म्हणाल्या. दाट केसांची आणखी एक प्रत छापून घेतली आहे, ती कुणालाही दिलेली नाही. केस फार छान जमलेत, सर.