खिडकीबाहेरच्या माणसाचं गाणं

बाई, तुमच्याकडे गाणं शिकलेली मुलगी साठीला टेकल्यावर आयर्लंडमध्ये कंट्री गायिका म्हणून ओळखली जाते, हे कुणी सांगितलं असतं तर तुम्ही आधी गॅस बारीक केला असता आणि मग नीट ऐकलं असतं. नाशिकला तुमच्या स्वयंपाकघरातच आमचा वर्ग चाले, कारण बाहेरच्या खोलीत तुमचे यजमान, आमचे सर, अंथरुणाला खिळलेले. तुम्ही पोळ्या लाटताय, मी भिंतीला टेकून गातेय. तेवढ्या रामरगाड्यात तुमच्या कानातून एक सूर निसटत नसे. एकदा मी बंदिशीत माझेच शब्द घुसवले. तुमचं लाटणं थांबलं. "दुसऱ्याच्या घरात आपलं सामान मांडू नये," म्हणालात. माझे डोळे भरले, तशा हळूच म्हणालात, "स्वतःचं गाणं कर की. पण अर्धवट नको." दुसऱ्या कुणी मला कायमचं गप्प केलं असतं.

नवऱ्याच्या नोकरीमागे आयर्लंडमधल्या नावन या गावी आले आणि पन्नाशीनंतर मुलीची पडून असलेली गिटार हातात घेतली. इथे कंट्री संगीत घरोघरी ऐकतात. साधी चाल आणि कुणाच्या तरी आयुष्यात खरंच घडलेली गोष्ट. २०२० मध्ये आमच्या शेजारच्या आजोबांची बायको केअर होममध्ये होती आणि कोविडमुळे आत कुणालाच सोडत नव्हते. ते रोज खिडकीबाहेर उभे राहून तिला दिवसभराचं सगळं सांगत. काचेपलीकडे ऐकू जात नसे, तरी सांगत. त्यावर मी इंग्रजीत गाणं केलं आणि कुंपणाशी उभी राहून आधी त्यांनाच ऐकवलं. दुःख त्यांचं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "परत म्हण. आणि तिचं नाव घाल त्यात."

हिवाळ्यात ती गेली. दफनाला मोजकीच माणसं, त्यांत त्यांनी मला गायला बोलावलं. त्यांच्या मुलाने ते फोनवर टिपलं आणि गावच्या रेडिओला पाठवलं. लोक पुन्हापुन्हा तेच गाणं मागू लागले. मग मोठ्या स्टेशनांवर लागलं, मग माझा अल्बम आला. २०२१च्या उन्हाळ्यात लेटरकेनी गावातल्या कार्यक्रमात, उघड्यावर लांबलांब मांडलेल्या खुर्च्यांतून, अनोळखी माणसं माझे शब्द माझ्याबरोबर गात होती. मुलगी इथल्या बोलीत म्हणाली, "मॅम, यू वेअर ग्रँड," म्हणजे आई, मस्त गायलीस. आजोबा पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकणार, इथेच राहील. पण एक कबूल करते. कार्यक्रमानंतर नाशिकहून, पुण्याहून सगळ्यांचे फोन आले. सगळ्यांशी बोलून झालं, तरी मी फोन खाली ठेवत नव्हते.