ब्रोमोच्या तोंडाशी झुंबरबाई

३ जानेवारी १९३७, जळगाव
नक्की झाले. जावाला जायचे! मेहुणा कौतिक तिकडे साखर कारखान्यात नोकरीला आहे. त्याने मला, त्याच्या बहिणीला म्हणजे माझ्या बायकोला कमलला, आणि त्याच्या आईला, म्हणजे आमच्या सासूबाई झुंबरबाईंना, बोलावले आहे. तिकडे ब्रोमो नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या तोंडाशी मी उभा राहणार. कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये तसे सांगूनही टाकले. भटू वकील म्हणाले, कोर्टाचा जिना चढताना तुम्ही मध्ये थांबता. सगळे हसले. मीही चिडून सांगितले की परत येऊन वाचनालयात व्याख्यान देईन आणि पडद्यावर फोटोच दाखवीन. आता माघार घेतली तर या गावात तोंड दाखवायला जागा नाही.

५ जानेवारी
चढाईसाठी बूट घेतले. उद्यापासून पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या. स्टॅमिना वाढवायचा.

६ जानेवारी
बूट चावतात. फेरी अर्धी झाली. तलावाकाठी बोरे फार गोड निघाली.

११ जानेवारी
टांग्याने गेलो. आधी रस्त्याचा अंदाज घ्यावा लागतो. बोरे.

फेब्रुवारी, बोटीवर
तारीख आठवत नाही. पोटात पाण्याशिवाय काही नाही. पडल्या पडल्या चढाईचा प्लॅन केला. सासूबाई नऊवारीचा काचा मारून डेकवर फिरतात आणि मला आल्याचा तुकडा आणून देतात. बाईमाणसाला बोट कशी लागत नाही?

२ मार्च, सुरबाया
कौतिकच्या परसात खानदेशी वांगी! सासूबाईंनीच मागे बी पाठवले होते. पण भरिताची वांगी भाजायला इथे कपाशीच्या काड्या कुठल्या? स्वयंपाक स्टोव्हवर. भरिताला रॉकेलचा वास आला. सासूबाईंनी ताट सारले. ज्वालामुखीत खरा विस्तव असतो का, असे मला विचारले. मी भूगर्भातील उष्णतेवर बराच वेळ बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि वांगी तोडायला गेल्या.

६ मार्च, पहाट
निघालो. आजचा दिवस माझा आहे.

त्याच दिवशी, दुपार
वाळूच्या मैदानापर्यंत तट्टावरून गेलो. पुढे डोंगराला शिडीसारख्या पायऱ्या. मी पुढे, मागे कमल, कौतिक आणि पदरात वांगी बांधलेल्या सासूबाई. थोडे चढल्यावर डोंगर आतून गुरगुरला. धूर आला. मी खाली उतरून पायथ्याशी थांबलो. घाबरून नव्हे. पुढारी माणसाने मागे राहून सर्वांकडे लक्ष ठेवायचे असते. बूटही काढले, पाय सुजले होते.

सासूबाई गेल्या की वर! इथले डोंगरी लोक हिंदूच. ते या तोंडात भाजीपाला, कोंबड्या असा नैवेद्य टाकतात. वांगी घेऊन आलेली म्हातारी पाहून त्यांनी हात जोडले, असे कौतिकने नंतर सांगितले. सासूबाईंनी एक वांगे डोंगराला दिले, बाकीची कडेच्या तापल्या राखेत पुरली. कौतिकने कड्यावरून खाली जोरात हाक मारली, की आई म्हणते, भरीत होईल तोवर जावयांनी बसावे. मी बसलेलोच होतो.

भाजलेली वांगी खाली आणून तिथेच कांदा-मिरची घालून भरीत कालवले. गंधकाचा किंचित वास. तीनदा घेतले.

७ मार्च
काल वर वांगी भाजत होती तेव्हा कौतिकने खाली येऊन, पायथ्यापासून दूर उभे राहून डोंगराचा एक फोटो घेतला आहे. त्यात माणसे म्हणजे मुंग्या. हाच पडद्यावर दाखवायचा. कोण कुठे आहे, कोणाला कळणार?

१८ एप्रिल, जळगाव
वाचनालय भरले होते. भटू वकील पहिल्या ओळीत. मी वर पोचल्याचे छान वर्णन केले, गुरगुरही केली. मग मॅजिक लँटर्न लावला. फोटो भिंतीएवढा होईल हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. कड्यावर लुगडे दिसत होते. खाली एक गृहस्थ, बूट मांडीवर. भटू वकिलांनी उठून विचारले, यातले आपण कोणते?

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बायकांच्या बाजूने सासूबाई म्हणाल्या, "वर मी शे. खाले जवाई शेतस."

पुढचे काही लिहीत नाही. फार लाज वाटली.

१९ एप्रिल
दिवसभर माणसे येत आहेत, सगळी सासूबाईंकडे. भटू वकीलही आले. राखेत वांगे देठासकट पुरले का, एवढेच विचारायला. जेवूनच गेले. मला शेवटी वाढले.

२२ एप्रिल
धुळ्याच्या महिला मंडळाच्या बाई येऊन गेल्या. सासूबाईंचे व्याख्यान ठरले. त्यांची अहिराणी शुद्ध मराठीत सांगायला कोणी हवे. सासूबाईंनी माझे नाव सुचवले. जवाई बोलतात छान, म्हणाल्या. डोळे भरून आले. लगेच होकार दिला.

सभा तळमजल्यावर आहे, हे विचारून घेतले.