कोळी उडाले ते का

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडताच फेकलं नसशील, असं धरून लिहिते आहे. दोन वर्षांनी मावशीला कंठ फुटला म्हणून हसलीस तर हस. फोनच करणार होते. पण फोनवर मी बोलत सुटते आणि समोरच्याला तोंड उघडू देत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आधी बातमी. सोमवारी समिती बसते आहे. आपल्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोळ्यांचे डबे शेतांत सोडायचे की नाही, ते त्या दिवशी ठरणार. साठ शेतकरी तयार आहेत. पिकावरची मावा कीड कोळी खाईल, तुम्ही फवारणी बंद करा, असं आपण त्यांना सांगून बसलोय. आपण म्हणजे मी. आणि सोमवारी मीच उभी राहून सांगणार आहे, की डबे सोडू नका. संस्थेच्या संचालकांच्या कानावर कालच घातलं. ते म्हणाले, मॅडम, निवृत्तीला चार महिने राहिलेत, कशाला पायावर धोंडा पाडून घेता? मी म्हटलं, पाय माझा आहे.

झालं काय, ते तुला नीट सांगायला हवं, अर्धं काम तुझंच होतं. आठवतंय ना, काडीच्या टोकावर चढून तो इवलासा कोळी चवड्यांवर उभा राहायचा, पोट आभाळाकडे करायचा, धागा सोडायचा आणि वाऱ्याबरोबर पसार! त्यांच्या अंगातला तो जीवाणू, आईकडून लेकरांत उतरणारा, तो असला की कोळी जागचा हलत नाही आणि औषधाने तो मारला की उडतो, हा आपला शोध. तू म्हणायचीस, माणसाच्या डोक्यात किडा वळवळतो, यांच्या पोटात. त्यावरच सगळी योजना उभी राहिली. जीवाणूवाले कोळी वाढवायचे, शेतात सोडायचे, ते तिथेच ठिय्या देऊन बसणार.

या हिवाळ्यात मी औषध दिलेल्या कोळ्यांची नातवंडं तपासली. अंगात जीवाणू नाही, औषधाचा थेंबही नाही, नेहमीच्या माश्या खाऊन वाढलेली. आपल्या म्हणण्याप्रमाणे ती उडायला हवी होती. एक पठ्ठ्या चवड्यांवर उभा राहील तर शपथ! पंखा बदलला, काड्या बदलल्या, चार दिवस चिडचिड केली, काचा धुणाऱ्या बाईंवर उगाच ओरडले. कोळ्यांना औषध आपण माश्यांतूनच द्यायचो ना, म्हणून पाचव्या दिवशी तशाच औषधाच्या खाद्यावर माश्या वाढवायला घेतल्या आणि तयार झाल्यावर तराजूत ठेवल्या. वजन नेहमीच्या माश्यांच्या निम्मंच भरलं. तू हेच म्हणाली होतीस, "मावशी, या माश्या बारीक आहेत. कोळी उपाशी राहतायत." आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "माशी म्हणजे माशी. मोजून तीन दिल्यात ना?" सगळे हसले होते.

मग सगळा प्रयोग पहिल्यापासून केला, माश्या वजन करून. जीवाणू असो नसो, पोट भरलेला कोळी बसतो आणि उपाशी उडतो. जीवाणूचा थोडा हात असेलही, पण आपण छातीठोकपणे सांगितला तेवढा नाही. मावा यायच्या आधीच्या रिकाम्या आठवड्यांत आपले कोळी निघून जातील, आणि मावा येईल तेव्हा शेतात ना कोळी, ना फवारणी. साठ घरांचं पीक माझ्या हट्टापायी जाऊ देणार नाही. ज्या नियतकालिकात चूक छापली, तिथेच ती मागे घेतल्याचंही छापणार आहे.

तुझी आई सांगत होती, तू बियाण्यांच्या दुकानात आहेस, शंभर दाण्यांतले किती उगवले ते बघतेस. कामाला नावं ठेवत नाही गं. पण जी पोरगी नुसत्या नजरेने कोळ्याचं पोट ओळखते, तिला तिथे बसवलं कोणी, हा विचार पाठ सोडत नाही.

एवढं सगळं समितीच्या अहवालातही असणार, त्यासाठी पत्र कशाला हवं होतं? तुला वाटतं, मी तुझं ऐकलं नाही. ठमे, मी ऐकलं होतं. तू वहीच्या समासात पेन्सिलीने लिहायचीस, "माश्या बारीक. उपाशी?" अशी अकरा पानं होती. लेख छापणाऱ्यांनी वहीच्या प्रती मागितल्या, तेव्हा मी दार लावून खोडरबर घेऊन बसले आणि अकराच्या अकरा पानं पुसून काढली. वर तुझ्या आईला सांगितलं, पोरीला चिकाटी नाही. ते ऐकून तू गेलीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. पान उजेडासमोर धरलं की तुझं अक्षर अजून दिसतं. सोमवारी मी वही घेऊन जाते आहे. हे दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं, म्हणून लिहिलं. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. तुझं नाव घेऊन ती अकरा पानं सगळ्यांसमोर वाचायला मात्र आहे.

तुझीच,
मावशी