बाबांची चाकाची खुर्ची

१८ डिसेंबर
नाताळ-समितीची बैठक. दोन तास! त्यातला पाऊण तास गव्हाणीतला पेंढा खरा की प्लास्टिकचा यावर. खऱ्याने पाळकबाईंना शिंका येतात म्हणे. ख्रिस्ताचं नाव शेवटच्या प्रार्थनेत आलं, तेही घड्याळाकडे बघत.

मी विचारलं — सासऱ्यांना चोवीसच्या उपासनेला आणू ना? तीस वर्षं या चर्चची घंटा त्यांनी वाजवली. अर्धांगवायू झाल्यापासून घराबाहेर नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "आणा की बाई! फक्त चाकाची खुर्ची मधल्या वाटेत नको. नाटकाचं चित्रीकरण आहे."

पुठ्ठ्याच्या उंटाला मात्र मधली वाट!

२० डिसेंबर
धाकटी जाऊ तिसऱ्यांदा शिंप्याकडे. बाह्या चुकल्या! म्हटलं, "मरीयेने कुठे शिवून घेतलं होतं गं?"
"तिला मोठी जाऊ नव्हती, ताई. म्हणून निभावलं."
तोंड की तोफखाना?

२२ डिसेंबर
बाबांना सांगितलं, परवा चर्चला जायचं. बोलता येत नाही, पण डावा हात उचलून त्यांनी हवेतला दोर ओढला. मी मोरीत जाऊन रडले.

२३ डिसेंबर
अठ्ठावीस पंखांना पिसं चिकटवली. देवदूतांचा वीट आलाय.

२४ डिसेंबर
संध्याकाळचं नाटक झालं. टाळ्याच टाळ्या. जाऊ पहिल्या गीतालाच उठून गेली — आरशाशिवाय तासभर कसा निघणार!

पडदा पडला तेव्हा पाहिलं. बाजूच्या दारापाशी बाबांची जागा रिकामी. नवऱ्याला वाटलं, दीर आणेल. दिराला वाटलं, मी. मला — मला देवदूतांचे पंख सांभाळायचे होते! एवढी माणसं, आणि एकालाही आठवण नाही. यांच्या घरी प्रत्यक्ष येशू आला तरी म्हणतील, फोटो होऊ दे, मग बसा.

घरी आले तर बाबा जेवून झोपलेले. कोट नीट घडी करून ठेवलेला.

२५ डिसेंबर
शेजारीण म्हणाली, "काल संध्याकाळी तुमच्याकडे किती गोड गात होते!"
जाऊला विचारलं. म्हणाली, "खुर्ची दिसेना, म्हणून घरी आले. बाबा कोट घालून दाराकडे बघत बसलेले. मग जन्माचा अध्याय वाचला, चार गीतं म्हटली. बेसूर."
"मला बोलली नाहीस!"
"तुम्ही सगळ्यांवर इतक्या चिडलेल्या, ताई. मध्ये कुठे बोलणार?"
मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, मलाही वाचून दाखव.