बाळंतिणीचं पोस्टर

एडिसन, १२ सप्टेंबर २००६

नाही! असलं भाषांतर नाही करणार.

ऑफिसात, कौंटीच्या म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या आरोग्य विभागात, माझ्या बॉसने — डेब्राने — पोस्टर हातात ठेवलं. बाळंतपणानंतर बायकांना येणाऱ्या डिप्रेशनबद्दल. "जस्ट ट्रान्सलेट इट." केलं — 'प्रसूतिपश्चात नैराश्य : उपचार उपलब्ध.' नंदूने जेवता जेवता वाचलं. "कुणाला नोटीस आलीय का?" नवरा असून खरं बोलला.

१४ सप्टेंबर

शेजारच्या रत्नाकाकूंना दाखवलं. सून गिरिजाच्या बाळंतपणासाठी नागपूरहून अमेरिकेत आल्यात. पोस्टरवर गोरी बाई — खिडकीशी, केस मोकळे, गालावर पाणी.

"नवरा गेला का गं हिचा?"

"नाही काकू, बाळंतीण आहे."

"ही? डोक्याला फडकं नाही, कानात बोळे नाहीत! आणि नैराश्य कसलं? ते नापास झाल्यावर येतं. आमच्या वेळी नव्हती ही थेरं."

हसले मी. घरी आल्यावर हसू गेलं. शब्दन् शब्द बरोबर — आणि काकूंपर्यंत काहीच पोचलं नाही!

२० सप्टेंबर

डेब्रा म्हणते, मजकूर अप्रूव्ह झालाय. मी म्हटलं, पण कळत नाही त्याचं काय? भांडले. शेवटी म्हणाली, "बरं, दुसरं करून दाखव."

३ ऑक्टोबर

गिरिजाच्या मुलीचं बारसं. सगळ्या बायका पाळण्यावर ओणवलेल्या — नाक कुणाचं, डोळे कुणाचे! गिरिजा मागे खुर्चीत. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. काकू तेवढ्या तिचा हात धरून बसलेल्या.

पोस्टरचा फोटो हाच!

९ ऑक्टोबर

मैत्रिणींना गोळा करून फोटो काढला. पाळण्याभोवती सगळ्यांच्या पाठी. मध्ये एकटी बाळंतीण, सरळ आपल्याकडे बघतेय. रडत नाही. मोठ्या अक्षरांत :

'बाळ बरं आहे. तू बरी आहेस?'

खाली — 'सारखं रडू येतं? बाळाला घ्यावंसं वाटत नाही? तुझा दोष नाही. फोन कर. मराठीत बोल.'

नैराश्य हा शब्द कुठेच नाही. डेब्राला इंग्रजीत अर्थ सांगितला. मग म्हणाली, "मराठीत बोलणार कोण?"

"मी. दर गुरुवारी."

"आधी ट्रेनिंग घ्यावं लागेल."

घेईन!

२ नोव्हेंबर

ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत पोस्टर लागलं. ट्रेनिंगही झालं. आज पहिला गुरुवार. फोन नाही.

९ नोव्हेंबर

आजही नाही. एका दुकानदाराने पोस्टर काढून टाकलं — "गिऱ्हाइकं विचारतात, कोण आजारी आहे?" जाऊन पुन्हा लावलं. काढलं तर पुन्हा लावीन.

१६ नोव्हेंबर

फोन वाजला. आवाज ओळखीचा — रत्नाकाकू! "काकू, गिरिजा बरी आहे ना?"

"ती बरी आहे गं." पलीकडे दार लावल्याचा आवाज. "मला विचारायचं होतं… बाळ चौतीस वर्षांचं झालं असेल, तरी बोललं तर चालतं का?"