भट्टीचा उशीएवढा रिपोर्ट

साजगाव, मंगळवार, १४ जुलै १९८७

भट्टीच्या तापमानाचा रिपोर्ट आजही उशीएवढा जाड. चार दिवस मी गाढवासारखा कॉम्प्युटरच्या वायरी तपासतोय! शेवटी ऑपरेटर गायकवाडच म्हणाला, "मॅनेजर बोलले, रिपोर्ट पातळ हाय, कामं करता का नाय? मंग मी तासातासाचा मिनिटामिनिटाला छापायला लावला."

मॅनेजरपुढे गठ्ठा आपटला. त्यानं हातात तोलला आणि खूश! "आता कसं, काम दिसतंय." उघडला मात्र नाही. हरामखोर.

मग चिडून कालची उशी मीच पान पान चाळली. दुपारी भट्टी धोक्याच्या आकड्यापलीकडे गेलेली, चांगली वीस मिनिटं. तेव्हा गायकवाड तिच्यासमोरच उभा होता.

आणि शेवटच्या पानावर 'तपासले' म्हणून सही कुणाची? माझी.